विंडोज नवं टाकलं आणि थंडरबर्डमधलं बारा वर्षांचं मेल गायब. काही करता येईल का?

अंबडवाली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय. अर्धवट सांगितलं की तुम्ही लोक उलट दहा प्रश्न विचारता, म्हणून एकदाच सगळं.

अंबडला आमचा छोटा गाळा आहे. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी लेथ, सगळं जॉबवर्क. मशीन ह्यांच्याकडे, कोटेशन, पीओ, चलन, जीएसटी आणि पैशांसाठी फोन करत बसणं माझ्याकडे. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनवरचं, थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये येतं. २०१४ मध्ये भाच्याने बसवून दिलं, त्यानंतर मी सेटिंगला बोट लावलेलं नाही. फोल्डर मात्र मी लावलेत. प्रत्येक पार्टीचा एक, त्यात वर्षाप्रमाणे, आणि ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा वेगळा. माझं स्वयंपाकघर इतकं नीट नसेल.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला तेव्हापासून ११ टाकायचं चाललं होतं. गेल्या गुरुवारी दुकानातला मुलगा गाळ्यावर येऊन टाकून गेला. त्याला मी तीनदा म्हटलं, आधी बॅकअप घे. त्याने घेतला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅली. काम झाल्यावर टॅली उघडून दाखवलं, मागच्या वर्षाचं लेजर दिसलं. मी खूश. चहा पाजला, पैसे दिले.

शुक्रवारी थंडरबर्ड टाकून आयडी-पासवर्ड भरला. मेल धडाधड यायला लागलं. मोजलं तर बरोबर चौदा दिवसांचं. त्याच्यामागे काही नाही. माझा एकही फोल्डर नाही. मुलाला फोन केला तर म्हणे, "मॅडम, मेल तर ऑनलाइनच असतं ना." होस्टिंगवाला म्हणतो, आमच्या सर्व्हरवर जे आहे ते तुम्हाला दिसतंय तेवढंच.

आता घाई कशाची ते. एका पार्टीने ४०० नगांची डेबिट नोट (पैसे कापायची चिठ्ठी) पाठवलीय, १,८६,००० रुपयांची. बोअर (आतलं भोक) ड्रॉइंगप्रमाणे नाही म्हणतात. अहो, ते माप त्यांच्याच क्वालिटीच्या साहेबांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मेलवर डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं माप चालेल अशी परवानगी) देऊन मान्य केलं होतं, पुढच्या सगळ्या लॉटसाठी. ड्रॉइंग बदलायचं त्यांनी केलंच नाही. साहेब नोकरी सोडून गेले. ते मेल माझ्याकडे होतं. "होतं" लिहिताना पोटात गोळा येतोय.

बुधवारी त्यांच्याकडे मीटिंग आहे. आज रविवार.

सिडकोचा_राजा

रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर टाका ताई, सगळं परत येतं. फुल व्हर्जन हवं असेल तर मेसेज करा, लिंक देतो.

जुना मॉडेम

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका. भाऊ, राग मानू नका, पण फुकटचं फुल व्हर्जन म्हणजे काय असतं ते मी दोन ऑफिसं साफ करताना पाहिलंय.

त्या कॉम्प्युटरवर आत्ता काहीही नवीन टाकायचं नाही. डिस्क क्लीनअप नाही, कसला "स्पीड बूस्टर" नाही. त्यात एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, असणार. साध्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून राहते, म्हणून ती कधीकधी उकरून काढता येते. एसएसडीला मात्र विंडोज स्वतःच सांगतं की हे कप्पे आता रिकामे धर, आणि ती ते साफ करून टाकते. उकरायला काही उरत नाही.

पण तुमच्या केसमध्ये उकरायची वेळ आलीय असं मी अजून मानत नाही. दुकानातली मुलं "फॉरमॅट मारला" म्हणतात तेव्हा नेहमी खरंच फॉरमॅट मारलेलं नसतं. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना जुनं पार्टिशन पुसायची एक पायरी असते. ती न करता नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट केलं तर विंडोज जुना सगळा पसारा एका फोल्डरमध्ये बांधून बाजूला ठेवतं. सी ड्राइव्ह उघडा. "विंडोज.ओल्ड" नावाचा फोल्डर दिसतो का बघा. दिसला तर त्याला हात न लावता इथे येऊन सांगा. एक लक्षात ठेवा, हा फोल्डर साधारण दहा दिवसांनी विंडोज आपणहून पुसून टाकतं. गुरुवार म्हणजे आज चौथा दिवस.

बाकी तो मुलगा अगदीच चुकीचं बोलला नाही. बहुतेकांचं मेल ऑनलाइनच असतं. तुमचं नव्हतं, कारण भाच्याने खातं पॉपवर लावलंय. पॉप म्हणजे पोस्टातली पेटी. पत्र घरी आणलं, पेटी रिकामी. थंडरबर्ड तेवढं सौजन्य दाखवतं की पत्राची नक्कल चौदा दिवस सर्व्हरवर राहू देतं, मग काढतं. तुम्हाला आलेलं चौदा दिवसांचं मेल म्हणजे ती नक्कल. २०१४ मध्ये होस्टिंगला जागा जेमतेम मिळायची, त्यामुळे भाच्याने तेव्हा बरोबरच केलं होतं. फक्त खरं मेल त्या एका डिस्कवर राहतंय हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

अंबडवाली

काका (काकाच आहात ना? नाव बघून म्हणतेय), आहे!! विंडोज.ओल्ड आहे!! आत्ता पाथर्डी फाट्यावरून परत गाळ्यावर आले, बंद केलेलं शटर पुन्हा उघडलेलं बघून शेजारच्या गाळ्याचा वॉचमन चौकशीला आला. आत यूजर्स आहे, त्यात माझ्या नावाचा फोल्डर आहे, पण त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असलंच दिसतंय. थंडरबर्ड कुठेच नाही.

जुना मॉडेम

काकाच, ६८ वर्षांचा. निवृत्त आहे, नाशिकरोडला असतो.

मुलाचा बॅकअप चुकला तो नेमका इथेच. मेलचा फोल्डर लपवलेला असतो. एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, त्यात शो, त्यात हिडन आयटम्स, टिक करा. मग तुमच्या नावाच्या फोल्डरात एक फिकट रंगाचा "अॅपडेटा" उगवेल. त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. मध्ये कुठेतरी परवानगी नाही म्हणून अडवेल, कंटिन्यू दाबा. प्रोफाइल्समध्ये आठ अगम्य अक्षरं आणि पुढे "डीफॉल्ट-रिलीज" किंवा नुसतं "डीफॉल्ट" अशा नावाचा फोल्डर असेल. दोन असले तर जो गलेलठ्ठ तो आपला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, साइज बघा.

तो अख्खा फोल्डर कॉपी करा. कट नाही, कॉपी. एक प्रत डॉक्युमेंट्समध्ये, एक बाहेर पेनड्राइव्हवर. आतलं निवडून घेऊ नका. मेल, पत्ते, पासवर्ड, फिल्टर, कुठलं मेल उतरवलंय त्याची यादी, सगळं त्याच एका फोल्डरात आहे.

अंबडवाली

साइज २१ जीबी!

डॉक्युमेंट्समध्ये कॉपी झाली. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा केला (सासूबाईंची भजनं होती, ती आधी लॅपटॉपवर नेली, नाहीतर मेलपेक्षा मोठा प्रसंग). तरी मध्येच थांबतंय. "इनबॉक्स" नावाची फाइल मोठी आहे म्हणतंय. फाइल ५.८ जीबीची आहे, जागा ३२ ची आहे. हे काय गणित?

दिंडोरी_द्राक्ष

ताई, ह्या गणितात मी मागच्या सीझनला नापास झालोय. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. बाकी जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, पण भजनं हलवलीत तर प्रश्न नाही. आणि फॉरमॅट करताना पेनड्राइव्हचंच अक्षर निवडलंय ना ते दोनदा बघा.

आमच्याकडे द्राक्षाच्या कंटेनरची सगळी कागदपत्रं मेलवर असतात. रेसिड्यूचा रिपोर्ट, फायटो, बिल ऑफ लेडिंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला शंभर-शंभर मेल, प्रत्येकाला पीडीएफ चिकटलेली. आउटलुक वापरतो. त्याचं सगळं मेल ज्या एका पीएसटी फाइलमध्ये असतं, ती जपली की झालं असं वाटायचं.

जुना मॉडेम

दिंडोरीकर बरोबर आहेत, एक्सफॅट करा.

आता इनबॉक्स एवढा कसा फुगला ते सांगतो, कारण पुढे उपयोग आहे. थंडरबर्ड एका फोल्डरातली सगळी मेलं एकाच लांब मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहीत जातं. अटॅचमेंटही त्यातच, अक्षरांच्या रूपात, त्यामुळे मूळ फाइलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त जागा खातात. ह्या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात, जुन्या युनिक्सची देणगी. त्या फाइलला पुढे डॉट-बिट काही नसतं, नुसतं "इनबॉक्स", नुसतं "सेंट". शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती फक्त अनुक्रमणिका. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा मोठ्या फाइलमधून ते लगेच जात नाही, त्यावर फक्त काट मारली जाते. "कॉम्पॅक्ट" केलं की मग जातं. तुमच्या ५.८ जीबीत बरंचसं भूतच असेल. पण आज कॉम्पॅक्ट करू नका हं. आधी सगळं दिसू दे.

परत बसवायची पद्धत:

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. आवृत्ती नवीन असू दे, जुन्या आवृत्तीत नव्याचं प्रोफाइल उघडत नाही, ओरडतं. विंडोजचं बटण धरून आर दाबा, तिथे थंडरबर्ड.ईएक्सई लिहा, एक जागा सोडा, आडवी रेघ आणि मोठा पी. अर्थात हे सगळं इंग्रजीत टाइप करायचं. प्रोफाइल निवडायची खिडकी येईल. क्रिएट प्रोफाइल, नाव काहीही, मग चूज फोल्डर, आणि डॉक्युमेंट्समधली ती २१ जीबीची प्रत दाखवा. नंतर सुरू करा. पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, मध्ये बंद करू नका, चहा घ्या.

आणि एक. गुरुवारपासून तुम्ही नव्या थंडरबर्डमधून काही पाठवलंय का? आलेल्या मेलची काळजी नाही. जुन्या प्रोफाइलमध्ये पॉपस्टेट नावाची वही असते, त्यात काय उतरवलं त्याची नोंद आहे, त्यामुळे ते फक्त नंतरची मेलं सर्व्हरवरून पुन्हा आणेल. पण पाठवलेलं मेल पॉपमध्ये सर्व्हरवर नसतं. ते नव्या प्रोफाइलच्या सेंटमध्येच आहे. ती सेंट फाइल उचला, तिला "नवे-सेंट" नाव द्या, थंडरबर्ड बंद असताना जुन्याच्या मेल, लोकल फोल्डर्स ह्या फोल्डरात टाका. उघडल्यावर डावीकडे आपोआप वेगळा फोल्डर म्हणून दिसेल.

अंबडवाली

काल रात्री साडेअकरापर्यंत गाळ्यावर. हे डबा घेऊन आले आणि मागे खुर्चीत झोपले.

उघडलं. सगळे फोल्डर, त्याच क्रमाने, त्याच रंगाने. भाच्याने २०१४ मध्ये पाठवलेलं "टेस्ट मेल मावशी" सुद्धा. मी रडले नाही पण ह्यांना उठवलं.

चार दिवसांत सहा कोटेशन गेली होती, तुम्ही सांगितलंत तसं नवे-सेंट करून आणली. हे विचारायचं मला सुचलंच नसतं.

पण काका, सगळे फोल्डर भरलेले आणि "डेव्हिएशन" रिकामा. एकच. नेमका तोच! आत शून्य मेल दाखवतोय. नशीब की काय म्हणायचं.

सिडकोचा_राजा

अँटीव्हायरसने खाल्लं असेल. फोल्डरातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला तर सगळी फाइलच उचलून कोंडून ठेवतात काही काही. एकच फाइल असते ना, काकांनी सांगितली तशी.

जुना मॉडेम

राजे, हे मात्र बरोबर बोललात, असं होतं. पण आधी सोपं बघू. ताई, प्रोफाइलमध्ये मेलच्या आत जाऊन डेव्हिएशन नावाची फाइल शोधा, एमएसएफ नसलेली. साइज किती?

अंबडवाली

३८ एमबी.

जुना मॉडेम

मग मेल आहे, अनुक्रमणिका बिघडलीय. थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. तेवढ्याने नाही झालं तर थंडरबर्ड बंद करून डेव्हिएशनची एमएसएफ फाइल, आणि फक्त तीच, काढून टाका. उघडल्यावर तो स्वतः नवी बनवेल.

अंबडवाली

रिपेअरनेच झालं. १७ नोव्हेंबर २०२२, दुपारी ४.१२. "अॅक्सेप्टेड अंडर डेव्हिएशन, अॅप्लिकेबल टू ऑल फ्युचर लॉट्स." खाली साहेबांचं नाव, हुद्दा, आणि सीसीमध्ये त्यांचेच परचेसवाले, जे आता डेबिट नोट पाठवतायत!

प्रिंट काढून फाइलला लावते.

कर_सल्लागार_कॉलेजरोड

प्रिंट काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. थंडरबर्डमध्ये ते मेल उघडून सेव्ह अॅज करा, ईएमएल फाइल होईल. मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी निघालं, कुठून आलं ह्या ओळी प्रिंटमध्ये दिसत नाहीत, ईएमएलमध्ये असतात. वेळ आलीच तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फाइल जशीच्या तशी लागते. तिथपर्यंत जाणार नाही अशी आशा, पण फाइल दोन ठिकाणी ठेवा. स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर टाकून त्यालाच पुरावा समजणारे माझ्याकडे दर महिन्याला दोन येतात.

जीएसटीचं दप्तर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावं लागतं. म्हणजे २०२२-२३ चं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. मेलवर आलेले पीओ आणि पत्रव्यवहारही त्यासोबत असलेले बरे. आणि त्यांनी डेबिट नोट पाठवली म्हणून तुम्ही घाबरून क्रेडिट नोट काढू नका. जीएसटीत ती पुरवठादाराने काढायची असते, म्हणजे तुम्ही. आधी मीटिंग होऊ द्या.

दिंडोरी_द्राक्ष

माझी शंका मध्येच राहिली. आउटलुकची पीएसटी मी दर महिन्याला कॉपी करतो, पण ऑफिसच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर फक्त ओएसटी आहे. ती कॉपी केली तर चालेल का?

जुना मॉडेम

नाही. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची सावली आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन सरळ उघडत नाही. आउटलुकमधून एक्सपोर्ट करून पीएसटी बनवा. जुन्या आउटलुकमधून करा, नव्यात ती सोय अजून अर्धीमुर्धीच आहे. आणि पीएसटी कॉपी करताना आउटलुक बंद हवं. ती फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवून रोज त्यावर काम करू नका, सिंक आणि आउटलुक एकमेकांच्या अंगावर येतात.

नाशिककर_सध्या_पुणे

एवढी यातायात कशाला? खातं आयमॅपवर करा, मेल सर्व्हरवर राहील, विषय संपला.

जुना मॉडेम

आयमॅप चांगलंच आहे, जागा विकत घेत असाल तर. पण विषय संपत नाही. आयमॅपमध्ये इकडे चुकून फोल्डर उडवला की तिकडेही उडतो, आणि मोबाइलवरूनही. खातं कोणी हॅक केलं तरी तेच. मी आयमॅप वापरतो आणि तरी महिन्याला एकदा सगळं लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करून डिस्कवर घेतो. जीमेलवाल्यांनी गुगलच्या टेकआउट सेवेतून एमबॉक्स मागवून ठेवावा, तोही थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट-एक्सपोर्टचं अॅड-ऑन टाकून उघडता येतो. थंडरबर्डचं स्वतःचं टूल्समधलं एक्सपोर्ट आहे, पण ते २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलसाठी. ताईंच्या २१ जीबीला त्याचा उपयोग नाही, त्यांना फोल्डरच उचलायला हवा.

अंबडवाली

बुधवारी मीटिंग झाली. मेल दाखवलं. परचेसवाले आधी म्हणाले, असं काही आठवत नाही. मग सीसीमध्ये स्वतःचं नाव बघितलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. डेबिट नोट मागे घेतो म्हणालेत. लेखी अजून आलेलं नाही, पण ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढतो हे मेलवर आलंय. ते मेल मी तीन ठिकाणी ठेवलंय.

त्या दुकानातल्या मुलाला फोन केला. म्हटलं, फॉरमॅटचे पैसे घेतलेस आणि फॉरमॅट केलंच नाहीस. तो गडबडला, पैसे परत देतो म्हणाला. म्हटलं राहू दे रे, तू नीट काम केलं असतंस तर मी बुडाले होते. आणि खरं सांगायचं तर मेल कुठे असतं हे मलाच माहीत नव्हतं, त्याला काय सांगणार होते?

आता माझं काय ठरलंय ते सांगते, चूक असेल तर बोला. १ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. आमची सुट्टी शनिवारी, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल एका डिस्कवर, तारखेच्या नावाच्या फोल्डरात. मागच्या चार शुक्रवारच्या प्रती ठेवायच्या, पाचवी पुसायची. ती डिस्क माझ्याबरोबर इंदिरानगरला घरी, गाळ्यावरची गाळ्यावर, पुढच्या शुक्रवारी अदलाबदल. काल घरच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून काकांच्या मोठ्या पी-ने ती प्रत उघडून पाहिली. डेव्हिएशन फोल्डर आधी उघडला. उघडला.

जुना मॉडेम

उत्तम. एकच, लॅपटॉपवर बघताना इंटरनेट बंद ठेवा. नाहीतर तो तिथूनही मेल उतरवायला लागेल, आणि चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढायलाही. डिस्कवर पासवर्ड लावा, त्यात तुमच्या सगळ्या पार्ट्यांची ड्रॉइंग आहेत.

आणि आता कॉम्पॅक्ट करायला हरकत नाही.

अंबडवाली

केलं. इनबॉक्स ५.८ वरून २.३ जीबी. साडेतीन जीबीची भुतं सांभाळत होते मी! लॅपटॉपचं वायफाय बंद केलंय. सासूबाई विचारतायत, भजनं का लागत नाहीत. ती आता यूट्यूबवरून ऐकतात हे मी विसरले होते.